परसातल्या कोंबड्या आत ठेवताना

शेजारच्या राज्यात बर्ड फ्लू निघाल्याची बातमी आली की गावठी कोंबड्या पाळणाऱ्या वाचकांची पत्रे येऊ लागतात. २००६ साली महाराष्ट्रातल्या नवापुरात हा रोग देशात पहिल्यांदा सापडला. जानेवारी २०२५ मध्ये तो रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला निघाला, म्हणजे आपल्याच किनारपट्टीवर. आपल्या गोव्यात करमळीचे तळे, चोडण, कुडचड्याचे नंदा तळे इथे हिवाळ्यात बाहेरदेशची बदके उतरतात आणि त्याच पाण्यावर आपले कावळे-बगळेही जातात. तेव्हा काळजी रास्त आहे. रानपाखरांची विष्ठा खुराड्यात येता कामा नये आणि वारा मात्र खेळता राहिला पाहिजे, एवढे साधले की बरेचसे काम झाले.

प्रश्न : बारा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. माडाखाली खुराडे आहे. पुढच्या अंगणाला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मारून घेतली. आता निर्धास्त राहायला हरकत नाही ना? (वाचक, डिचोली)

उत्तर : अजून नाही. जाळीने कावळा अडतो, त्याची विष्ठा अडत नाही. माडाच्या चुडतांवर बसलेल्या कावळ्याची घाण वरच्या जाळीतून थेट दाण्याच्या भांड्यात पडते. म्हणून जाळीवर ताडपत्री किंवा पत्रा हवाच. त्याला सहा फुटांमागे निदान एक फूट उतार द्या आणि चारी बाजूंनी दीड-दोन फूट वळचण बाहेर काढा. उतार खुराड्याच्या दाराकडे नको, कारण छपरावरची घाण धुऊन पाणी तिथेच साचेल आणि तुमच्या पायांबरोबर आत जाईल. ताडपत्री सैल राहिली तर मध्ये पाण्याची झोळी होते आणि पाखरे तिथे प्यायला येतात. जाळीखाली दोन-दोन फुटांवर बांबू बांधले की ती ताणून बसते.

बाजूंना खाली दीड फूट चिऱ्यांची भिंत आणि वर छपरापर्यंत जाळी ठेवा. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जोडकामाची वेल्डमेश घ्या. एक इंचाच्या षटकोनी जाळीतून कावळा-साळुंकी येत नाही, पण उंदीर येतो, आणि उंदीर बाहेरची घाण पायांनी आत आणतो. खुराडे मंगळुरी कौलांचे असेल तर कौल आणि भिंत यांमधली फट तपासा. चिमण्या नेमक्या तिथूनच शिरतात. तीही जाळीनेच बुजवा, सिमेंटने नको, कारण तापलेली हवा तिथूनच बाहेर पडते. अनेकजण घाबरून चारी बाजूंना प्लास्टिक लावतात. आपल्या दमट हवेत त्याने दोन दिवसांत कोंबड्यांचे डोळे पाणावतात.

जागा म्हणाल तर एरवी मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीला आत निदान चार चौरस फूट द्या. तुमच्या तेरा जणांना सहा बाय नऊ फूट पुरेल. जमिनीवर तीन इंच भाताचे तूस पसरा. एवढ्या जागेला साधारण चार पोती लागतात. तूस गिरणीतून बंद पोत्यातले आणा. उघड्यावरच्या कुडीतले (गंजीतले) गवत नको, तिच्यावर पाखरे बसलेली असतात.

पाणी नळाचे द्या. विहीर उघडी असेल तर तिच्यावर जाळी आणि झाकण घाला. ओहोळाचे किंवा वायंगणाच्या (उन्हाळी भातशेतीच्या) पाटाचे पाणी या दिवसांत अजिबात नको, आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेताच्या) कडेचा हिरवा पालाही नको. दाणा-पाण्याची भांडी आतच ठेवा, खाद्याचे पोते झाकणाच्या पिंपात ठेवा. बाहेर सांडलेला दाणा हे कावळ्यांना आवतण आहे.

प्रश्न : आत कोंडल्यापासून कोंबड्या एकमेकींच्या शेपटीची पिसे उपटतात. अंडीही निम्म्यावर आली. (वाचक, पेडणे)

उत्तर : परसात हिंडणारी कोंबडी दिवसभर उकरते, किडे-मुंग्या वेचते. आत आल्यावर ते काम जाते आणि किड्यांतून मिळणारी प्रथिनेही जातात. पेज आणि उष्टा भात यावर ती भूक भागत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचे लेयर खाद्य, १६ ते १८ टक्के प्रथिनांचे, दर कोंबडीला रोज १०० ते ११० ग्रॅम द्या. त्यातले मूठभर सकाळ-संध्याकाळ तुसात विखरा, म्हणजे उकरायला काम मिळते. कोबीचा गड्डा किंवा तांबड्या भाजीची जुडी दोरीने चोचीच्या किंचित वर टांगा. जमिनीवर टाकली तर पाच मिनिटांत तुडवून मोकळ्या होतात.

चुलीची राख आणि कोरडी वाळू निम्मी-निम्मी मिसळून घमेल्यात ठेवा, त्यात त्या धूळ-आंघोळ करतात. रक्त आलेली कोंबडी लगेच वेगळी काढा. लाल दिसले की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

अंड्यांचे कवच पातळ येत असेल तर तिसऱ्यांच्या शिंपा उकळून, उन्हात खडखडीत वाळवून, ज्वारीच्या दाण्याएवढ्या कुटा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्या कोंबडीला गरज असते ती आपणहून खाते. चार-पाच कोंबड्यांमागे एक फूटभर लांबी-रुंदीची अंड्याची पेटी अंधाऱ्या कोपऱ्यात हवी. मात्र खुराडे स्वतः अंधारे नको. अंड्यासाठी दिवसाला चौदा तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडचा दिवस तेवढा नसतो. पहाटे एक मंद पिवळा दिवा पुरतो. झगझगीत दिव्याने टोचाटोची वाढते.

प्रश्न : खुराड्यात डोळे झोंबतात एवढा वास येतो. चुना टाकला तर आणखी वाढला. (वाचक, फोंडा)

उत्तर : तो अमोनिया आहे. ओल्या विष्ठेवर चुना पडला की त्यातला अमोनिया एकदम सुटतो, म्हणून वास वाढला. आधी ओले तूस काढा, मगच कोरडे भरा. परीक्षा सोपी आहे : मूठभर तूस दाबून हात उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, सावकाश विस्कटला तर ठीक, धूळ उडाली तर फार कोरडे. ओल बहुधा पाण्याच्या भांड्याभोवती असते. भांडे विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा. तूस दोन दिवसांआड दाताळ्याने वरखाली करा. तुमचे डोळे झोंबायच्या आधीपासून कोंबड्या ते सोसत असतात, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : दारात फिनेलच्या पाण्याचा टब ठेवला तर चालेल? (वाचक, साखळी)

उत्तर : त्यापेक्षा खुराड्यासाठी वेगळ्या रबरी चपला ठेवा. त्या घालून बाहेर पडायचे नाही आणि बाहेरच्या चपलेने आत जायचे नाही. हा नियम टबापेक्षा खात्रीचा आहे. टब हवाच असेल तर ४ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तेवढेच पाणी घाला, रोज नवे करा, उन्हात ठेवू नका. तळवे आधी ब्रशने घासून घ्या, कारण चिखल आणि शेण लागले की औषध तिथेच मरते. त्यात दुसरे कसलेही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू निघतो. भांड्यांना साबणाचे पाणी पुरेसे आहे. या विषाणूवर चरबीचे आवरण असते, ते साबणाने फुटते.

प्रश्न : चार बदकेही आहेत. त्याच खुराड्यात घेऊ? (वाचक, कुडचडे)

उत्तर : नको. बदक काही न दाखवता विषाणू बाळगू शकते, कोंबडी मात्र दोन दिवसांत मरते. शिवाय बदके पाणी सांडून तूस भिजवतात. आड भिंत घाला, भांडी वेगळी ठेवा, आधी कोंबड्यांचे काम करा आणि मग बदकांचे.

प्रश्न : रानीखेत (मानमोडी) आणि बर्ड फ्लू यांतला फरक ओळखायचा कसा? (वाचक, वाळपई)

उत्तर : घरी ओळखता येत नाही. तुरा निळा-जांभळा पडणे, डोके सुजणे, नडगीवर लाल डाग, हिरवी हगवण, मान वाकडी होणे किंवा काही न दिसता पटापट मरणे, यातली बरीचशी लक्षणे दोन्हींत असतात. निदान प्रयोगशाळेत होते, अंतिम शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत. एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या दगावल्या तर पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. तोवर मेलेला पक्षी उघडू नका, सोलू नका, ओहोळात टाकू नका. हातमोजे आणि मास्क घालून दोन पिशव्यांत बांधून सावलीत, कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा.

रोग निश्चित झाला तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारल्या जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख असते. सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. लपवून बाजारात विकलेल्या आजारी कोंबडीने मात्र अख्ख्या गावाची खुराडी रिकामी होतात.

निरोगी कोंबड्यांची अंडी आणि मांस खाता येते. आतपर्यंत ७० अंश तापमान गेले पाहिजे. पिवळा बलक पातळ ठेवू नका.

प्रश्न : परत बाहेर कधी सोडायच्या? (वाचक, काणकोण)

उत्तर : खात्याने निर्बंध उठवल्यावर. तोवर परस तयार करा. विष्ठेतला हा विषाणू ४ अंशांना पस्तीस दिवस टिकल्याची नोंद आहे, ३७ अंशांना सहा दिवस. म्हणजे उन्हाची जागा लवकर शुद्ध होते. धुण्याच्या दगडाजवळची, केळीखालची ओली सावली मात्र नाही. तिथला पाचोळा ओढून काढा, खळगे मातीने भरा. पहिले काही दिवस संध्याकाळी तासभरच सोडा. अंधार पडताच त्या आपणहून खुराड्यात येतात. दाणा आतच ठेवायचा, बाहेर नाही.