वाचकांचे प्रश्न : तपास लागत नाही, सीबीआयकडे जाता येईल का?

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाचा मृतदेह चौदा महिन्यांपूर्वी घरापासून दोन किलोमीटरवर शेताच्या बांधालगत सापडला. डोक्यावरील जखमांमुळे मृत्यू झाल्याचे शवचिकित्सा अहवालात म्हटले आहे आणि अज्ञाताविरुद्ध खुनाचा गुन्हाही नोंद आहे. आतापर्यंत तीन तपास अधिकारी बदलले, अटक मात्र एकही नाही. चौकशीला गेलो की ‘तपास चालू आहे’ एवढेच उत्तर मिळते. गावात सह्या गोळा करून प्रकरण सीबीआयकडे सोपवण्याची मागणी मुख्यमंत्र्यांकडे करावी, असे आमच्या पंचसदस्यांचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे?
— बार्देस तालुक्यातील एक वाचक

उत्तर : सह्यांची मोहीम अवश्य करावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. तपास एका यंत्रणेकडून दुसरीकडे वर्ग होण्याच्या वाटा तीन आहेत आणि त्यांतली सर्वांत जवळची वाट गावकऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. ती म्हणजे गोवा पोलिसांचीच क्राइम ब्रांच. स्थानिक पोलीस स्थानकातील गुन्हा रायबंदरच्या क्राइम ब्रांचकडे सोपवणे किंवा त्यासाठी विशेष तपास पथक नेमणे हे पोलीस महासंचालकांच्या अधिकारात येते, त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची किंवा केंद्राच्या अधिसूचनेची गरज नसते.

दुसरी वाट राज्य सरकारची. सीबीआय ज्या कायद्याच्या आधारे काम करते, तो १९४६ चा दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा असून, राज्याच्या संमतीशिवाय त्या राज्यात सीबीआयला तपासाचे अधिकार वापरता येत नाहीत, असे त्याच्या सहाव्या कलमात म्हटले आहे. राज्याने केंद्राला विनंती करायची, केंद्राने अधिसूचना काढायची आणि मग सीबीआयने गुन्हा आपल्याकडे नव्याने नोंदवून घ्यायचा, असा हा क्रम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये हरयाणातील भाजप नेत्या सोनाली फोगाट यांच्या गोव्यातील मृत्यूचे प्रकरण याच वाटेने सीबीआयकडे गेले. पण तिथे गोवा पोलिसांनी त्याआधीच अटका केल्या होत्या, छडा लागत नव्हता म्हणून ते प्रकरण गेले नव्हते. कुटुंबाची मागणी आणि दुसऱ्या राज्यातून आलेला दबाव या जोरावर ती विनंती झाली. आपल्या पाठीशी तेवढे वजन नसेल, तर मंत्रालयाच्या दारात वर्ष घालवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

तिसरी वाट उच्च न्यायालयाची, म्हणजे आपल्याकडे पर्वरी येथील गोवा खंडपीठाची. राज्याची संमती नसतानाही उच्च न्यायालय संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली सीबीआय तपासाचा आदेश देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. मात्र हा अधिकार जपून आणि अपवादात्मक परिस्थितीतच वापरावा, केवळ एखाद्या पक्षाने स्थानिक पोलिसांवर आरोप केले म्हणून नव्हे, असेही त्याच निकालात बजावले आहे. आपल्या प्रकरणाचा सारा भार या वाक्यावर आहे. ‘चौदा महिने झाले तरी आरोपी सापडला नाही’ एवढ्यावर याचिका टिकणे कठीण, कारण प्रामाणिकपणे केलेला तपासही कधी कधी अपयशी ठरतो. ‘अमुक साक्षीदाराची जबानी घेतलीच नाही, अमुक वस्तू जप्त करूनही तपासणीला पाठवली नाही, अमुक व्यक्तीचे नाव लेखी देऊनही तिला विचारले नाही’ असे तारीखवार मांडता आले, तर न्यायालय केस डायरी मागवते आणि प्रश्न पोलिसांना विचारले जाऊ लागतात.

येथे २००८ मधील हणजूणच्या प्रकरणाची आठवण द्यावीशी वाटते. किनाऱ्यावर एका ब्रिटिश किशोरवयीन मुलीचा मृतदेह सापडला आणि सुरुवातीला तो बुडून झालेला मृत्यू मानला गेला. आईने हट्ट धरल्यामुळे पुन्हा शवचिकित्सा झाली, खुनाचा गुन्हा नोंद झाला आणि त्याच वर्षी राज्य सरकारने तपास सीबीआयकडे दिला. तरीही २०१६ मध्ये गोव्यातील बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले, सीबीआयने अपील केले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. म्हणजे घटनेपासून अकरा वर्षे. नवी यंत्रणा कितीही मोठी असली, तरी पहिल्या आठवड्यात न उचललेला ठसा तिला नंतर उचलता येत नाही. पहिल्या पंचनाम्यात जे आले नाही, ते तिला दुसऱ्या कुठल्या तरी मार्गानेच सिद्ध करावे लागते.

म्हणून आपली पहिली धाव पुराव्याकडे असावी. मोबाइल कॉलच्या नोंदी दूरसंचार कंपन्यांनी किमान दोन वर्षे जपाव्यात, अशी परवान्याची अट डिसेंबर २०२१ पासून आहे, त्यामुळे आपल्या भावाच्या शेवटच्या दिवसांतील नोंदी काढायच्या राहिल्या असतील, तर हातात सुमारे दहा महिने उरले आहेत. दुकानांच्या आणि घरांच्या सीसीटीव्हीतले चित्रण बहुधा महिन्याभरातच पुसले जाते, ते आता मिळण्याची आशा कमी. पण पोलिसांनी तेव्हा ते घेतले होते का, हा प्रश्न याचिकेत मोलाचा ठरेल. कपडे, रक्ताचे नमुने आणि घटनास्थळी मिळालेल्या वस्तू न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे कधी गेल्या आणि अहवाल आला का, हेही विचारावे.

हे सारे तोंडी नव्हे, लेखी विचारावे आणि पोच घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९३ व्या कलमानुसार, तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. चौदा महिन्यांत आपल्याला तसे काहीच कळवले गेले नसेल, तर उत्तर गोव्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवायच्या अर्जाची सुरुवात तिथूनच करावी आणि त्याच अर्जात क्राइम ब्रांचकडे तपास वर्ग करण्याची विनंती करून एक प्रत महासंचालकांना द्यावी. उत्तर आले नाही, तर संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तपास नीट होतो आहे की नाही, यावर दंडाधिकारी देखरेख ठेवू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या संहितेतील याच तरतुदीबाबत २००७ च्या डिसेंबरात सांगितले आहे. सीबीआय तपासाचा आदेश मात्र दंडाधिकाऱ्यांना देता येत नाही. तो अर्ज त्यांच्यापुढे करून फेटाळून घेण्यात काही हशील नाही.

या पायऱ्या चढून उच्च न्यायालयात गेलात, तर आपल्या हातात सह्यांच्या गठ्ठ्याऐवजी अनुत्तरित अर्जांची फाईल असेल. याचिकेत ‘सीबीआय किंवा क्राइम ब्रांच किंवा विशेष तपास पथक’ अशी पर्यायी मागणी जरूर ठेवावी, कारण तपास कोणी करावा हे निवडण्याचा हक्क ना फिर्यादीला असतो ना आरोपीला. वकिलाच्या खर्चाची काळजी असेल, तर आपली आई किंवा वहिनी अर्जदार म्हणून पुढे याव्यात. विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमाखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. पोलिसांच्या गैरवर्तनाबद्दल राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येते, पण तपास दुसरीकडे सोपवणे त्याच्या कक्षेत नाही.

एक गोष्ट जाता जाता. २०११ पासून सीबीआय माहिती अधिकार कायद्यातून सूट मिळालेल्या संस्थांच्या यादीत आहे, त्याला अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांचा. आज स्थानिक पोलिसांना माहिती अधिकारात जे विचारता येते, ते तपास वर्ग झाल्यावर विचारणे अवघड होईल, म्हणून हवे ते कागद आधीच मागून घ्यावेत. आणि स्थानिक पोलिसांकडून काहीच निघत नाही, अशीही समजूत नको. १९९४ पासून वेगवेगळ्या ठिकाणांहून बेपत्ता झालेल्या स्त्रियांच्या तक्रारींचे धागे शिरोड्यातील एकाच माणसापर्यंत नेऊन जोडले, ते २००९ मध्ये फोंडा पोलिसांनीच.

प्रश्न : आमच्या देवळात दोन वर्षांपूर्वी चोरी होऊन चांदीची प्रभावळ आणि एक जुनी पंचधातूची मूर्ती गेली. पोलिसांनी आता न्यायालयात ‘ए समरी’ अहवाल दिला असून आम्हाला नोटीस आली आहे. समितीतील काहींना हे प्रकरण सीबीआयकडे न्यावेसे वाटते.
— फोंडा तालुक्यातील एका देवस्थान समितीचे खजिनदार

उत्तर : ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा खरा घडला, पण गुन्हेगार सापडत नाही, असे पोलिसांनी मान्य करणे. आपली फिर्याद खोटी ठरलेली नाही. असा अहवाल स्वीकारण्यापूर्वी फिर्यादीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठरवून दिल्यामुळे ही नोटीस आली आहे. तिला लेखी विरोध नोंदवून दंडाधिकाऱ्यांकडे पुढील तपासाचा आदेश मागता येतो. असा आदेश देणे त्यांच्या अधिकारात आहे.

देवळातील चोरीसाठी सीबीआय मागणे मला व्यवहार्य वाटत नाही. टोळी सीमेपलीकडची असल्याचा संशय असेल, तर बेळगाव आणि सिंधुदुर्ग पोलिसांशी संपर्क साधणे क्राइम ब्रांचला सोपे जाईल, म्हणून त्यांना लिहावे. मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ च्या कायद्यानुसार ती पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. हा मुद्दा आणि मूर्तीची छायाचित्रे पोलिसांच्या कागदपत्रांत आहेत का, ते आधी पाहावे. जत्रेच्या किंवा पालखीच्या वेळी महाजनांनी काढलेले फोटोही चालतील. समाप्त झालेला तपास नवा धागा मिळाल्यास पुन्हा उघडता येतो, त्यासाठी नेमके हेच फोटो उपयोगी पडतात. नोटिशीवरील तारखेला समितीच्या मुखत्यारांनी स्वतः न्यायालयात हजर राहावे आणि मुदत हवी असेल, तर ती त्याच दिवशी मागून घ्यावी.