मीटिंग आपल्याच गावात हवी का?

प्रश्न : माझे यजमान देवगड तालुक्यात बोटीवर खलाशी आहेत. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून ते मे महिन्यात घरी आले, तेव्हापासून त्यांनी दारूला हात लावलेला नाही. ‘दर आठवड्याला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जा’ असे केंद्राने बजावले होते. पण आमच्या भागात अशी मीटिंग कुठे भरते हे कुणालाच ठाऊक नाही, आणि गावात बोभाटा होईल म्हणून तेही टाळतात. आता पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून बोटी समुद्रात जातील, पाठोपाठ गणपती येतील. मला धास्ती वाटते. काय करावे? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, तुमची धास्ती रास्त आहे. केंद्रातून परतल्यानंतरचे पहिले काही महिने फार नाजूक असतात, आणि नेमके याच काळात बोट बंदराला लागून हिशेब झाला की सोबत्यांची पावले गुत्त्याकडे वळू लागतील. म्हणून शोध आजच सुरू करा.

सर्वप्रथम त्या केंद्रालाच फोन करून विचारा की तुमच्या जिल्ह्यातील, तेथून बरे होऊन गेलेले कोणी संपर्कात आहे का. अशा मीटिंग भरवणारी, दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, जिला सगळे ‘एए’ म्हणतात. तिचे भारतातील मुख्य कार्यालय मुंबईत आहे. जवळचा गट कोणता, हे तेथे विचारता येते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन नि:शुल्क आहे. ओरोसचे जिल्हा रुग्णालय आणि रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथेही चौकशी करावी. चौकशी करताना मीटिंगचा वार, वेळ आणि भाषा विचाराच, शिवाय ती खुली आहे की बंद, हेही विचारा. खुल्या मीटिंगला घरचे माणूस सोबत बसू शकते, बंद मीटिंग केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांची असते. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करून खात्री करावी, कारण जागा बदलतात.

मीटिंग आपल्याच गावात हवी, हा आग्रह मात्र सोडून द्या. यजमानांना ज्या बोभाट्याचे भय आहे, त्यावर दूरची मीटिंग हाच चांगला उपाय आहे. म्हापसा, पणजी, मडगाव या भागांत एएचे गट आहेत. कणकवलीहून रेल्वेने थिवीला उतरले की म्हापसा जवळ आहे, आणि तेथील कोंकणी मालवणी माणसाला परकी वाटणार नाही.

आत काय घडते हे त्यांना आधीच सांगितलेत तर निम्मी भीती जाईल. खुर्च्या मांडलेल्या असतात, बहुधा चहा असतो. हजेरीपट नसतो, आडनाव विचारत नाहीत, फी नाही. खर्चासाठी पिशवी फिरते, पण तीत काही टाकलेच पाहिजे असे नाही. एकेक जण आपले नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणतो आणि स्वतःवर गुदरलेले बोलतो. मध्येच कोणी टोकत नाही, उपदेश करत नाही. ‘आज मी फक्त ऐकतो’ एवढे म्हणून गप्प बसलेला नवखा माणूसही तेथे खपतो. काही मीटिंग चर्चच्या सभागृहात भरतात म्हणून हे धर्मप्रसाराचे काम असावे, असा समज आपल्याकडे आढळतो. तो चुकीचा आहे. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट आहे.

बोट सुरू झाल्यावर दर आठवड्याचा ठरावीक वार पाळणे जमणार नाही, हे उघड आहे. त्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. मोबाइलवरून ऑनलाइन मीटिंगला बसता येते, त्यांची वेळापत्रके कार्यालयाकडून मागवा. आणि पहिल्याच मीटिंगमध्ये एखाद्या जुन्या सदस्याचा फोन नंबर घ्यायला सांगा, म्हणजे बंदराला लागताच घरी येण्याआधी त्याला फोन करता येईल. गणपतीत चाकरमानी मंडळी बाटली घेऊन आग्रहाला येतील, तेव्हाही हाच नंबर कामी येईल.

आसपास गटच नसेल तर? १९३५ साली न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल व्यवसायानिमित्त अमेरिकेतील ॲक्रन शहरात होता. दारूची तीव्र ओढ लागली तेव्हा त्याने आपल्यासारखाच कोणी पिणारा शोधण्यासाठी हॉटेलातून फोन लावले, आणि अखेर एका शल्यचिकित्सकाशी त्याची गाठ पडली. त्या दोघांच्या बोलण्यातून एए उभी राहिली. आजही दोन-तीन माणसे पिणे सोडण्यासाठी एकत्र बसली तरी तो गट मानला जातो. केंद्राकडून तुमच्या तालुक्यातील एक माणूस जरी मिळाला, तरी सुरुवात होऊ शकते.

एक इशारा द्यावासा वाटतो. ते पुन्हा रोज पिऊ लागले, तर घरात कोंडून दारू एकदम तोडू नका. अशा वेळी हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे हे जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टरांकडे न्यावे. जेवणातून गुपचूप औषध घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नका. अशा औषधांपैकी डायसल्फिरामवर नकळत दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळू शकतो.

शेवटी तुमच्याविषयी. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाची वेगळी संघटना आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. चौकशीचा फोन कराल तेव्हा अल-ॲनॉनची मीटिंगही विचारून घ्या, आणि यजमान जायला तयार नसले तरी तुम्ही जा.