वाचक विचारतात : पहिली मोटारसायकल

या वेळी आलेल्या पत्रांत पहिल्या गाडीविषयीच सर्वाधिक विचारणा आहे. पत्रांतला मुद्दा तेवढा थोडक्यात देऊन खाली उत्तरे दिली आहेत.

वय 19, उंची पाच फूट चार इंच. उचगावहून बेळगावच्या उद्यमबागला कामाला येतो, येऊन-जाऊन रोज 30 किलोमीटर. गिअरची गाडी अजून चालवलेली नाही. मला 350 सीसीची बुलेट हवी आहे, वडील म्हणतात स्प्लेंडर घे. कुणाचे ऐकू?
– एक वाचक, उचगाव

वडिलांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे, पण कारण मायलेजचे नाही. नवशिक्याला पहिल्या वर्षात गाडी सांभाळावी लागते ती थांबताना, वळवताना आणि चढावर. तिथे इंजिनाची ताकद कामी येत नाही, पाय जमिनीला किती टेकतो आणि गाडीचे वजन किती हे महत्त्वाचे. स्प्लेंडर प्लस 112 किलोची आहे, बुलेटच्याच कंपनीची क्लासिक 350 तब्बल 195 किलोची. फरक 83 किलोचा, म्हणजे एक धडधाकट माणूस. उभी गाडी थोडी जरी कलली तरी ते वजन एकदम पायावर येते आणि जितकी कलेल तितके वाढत जाते. ठरावीक कोनापलीकडे ती सावरता येत नाही, सोडून बाजूला व्हावे लागते. गणपत गल्लीत गर्दीत थांबलात आणि पायाखाली खडी आली की हे घडते.

सीटची उंची कागदावर फसवते. स्प्लेंडरची 785 मिलिमीटर, क्लासिकची 805, म्हणजे फक्त दोन सेंटिमीटर. पण क्लासिकची सीट रुंद असल्याने मांड्या फाकतात आणि पाय आणखी वर राहतो. म्हणून शोरूममध्ये कामावर घालता तेच बूट घालून जा. गाडीवर बसून साइड स्टँड काढा, दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकतात का बघा. मग बसल्या-बसल्या पायांनी ढकलत दहा पावले मागे न्या. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मागे नेताना दम लागला तर ती गाडी आत्ता तुमची नाही.

आमचे मत : तुमच्या रस्त्याला 125 सीसी, पुढे डिस्क ब्रेक असलेली. 100 सीसीची गाडी गावातल्या गावात उत्तम, पण ती 70-80 वर गेली की ओव्हरटेकसाठी हाताशी काही उरत नाही. वेंगुर्ला रोडवर एखादी एसटी पुढे असली की हे कळते. होंडा शाइन 125 किंवा टीव्हीएस रेडर 113 ते 123 किलोच्या आहेत, दोन्ही तुमच्या उंचीला बसतील. रोज हायवेने निपाणी किंवा धारवाडपर्यंत जाणारे असतील त्यांनी 150-160 सीसी आणि एबीएसचा (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) विचार करावा. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो, पण चाक जाम होणे ते थांबवत नाही. ते काम एबीएसचे.

वडिलांच्या गाडीवर शिकून दुसरी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. बहुतेक 150 च्या गाड्यांत पहिला खाली, बाकीचे वर. जुन्या सवयीने वर चढवायला म्हणून पुढे दाबले तर गिअर उतरतो, इंजिन ओरडते आणि मागचे चाक क्षणभर अडते. त्यामुळे नवी गाडी पहिले दोन-तीन दिवस रिकाम्या मैदानातच फिरवा. तिथे आधी ॲक्सिलरेटरला हातच लावू नका. पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा, गाडी स्वतःहून पुढे सरकू लागते ती जागा बोटांना कळेपर्यंत वीस-पंचवीस वेळा करा. ही जागा कळलेली नसली की माणूस चढावर रेस वाढवून हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतो, क्लच प्लेटी घासतात आणि जळका वास येतो.

हेल्मेटचे पैसे गाडीच्या हिशेबात आधीच धरा. आयएसआय मार्क आणि आयएस 4151 हा क्रमांक हवाच. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, हनुवटीखालच्या पट्ट्यात फार तर दोन बोटे जावीत, आणि मान स्थिर ठेवून हेल्मेट हाताने फिरवले तर कातडीही सोबत ओढली गेली पाहिजे. नुसती टोपी डोक्यावर ठेवून निघू नका, कानांची आणि जबड्याची काहीच राखण ती करत नाही.

सात वर्षे जुनी 150 ची गाडी ओळखीतून मिळते आहे. घेताना काय-काय तपासू?
– एक वाचक, चिकोडी

चिकोडी भागात पहिला प्रश्न हाच विचारा : गाडी पुरात होती का? ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठची कित्येक घरे पाण्यात होती, त्यांच्या अंगणातल्या गाड्याही. सीट काढून एअर फिल्टरचा डबा उघडा, कोपऱ्यात वाळलेला गाळ सापडतो. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ दिसते. वायरिंगचे जोड सोडवून बघा, पितळ हिरवे पडले असेल तर ही गाडी आज चालेल आणि पुढच्या पावसाळ्यात रस्त्यात बंद पडेल. मिस्त्री ऑइल बदलून देईल, पण हार्नेस, म्हणजे वायरिंगचा सगळा जुडगा, बदलून देणारे कमी.

सकाळी जा आणि मालकाला सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर थंड असताना सुरू व्हायला त्रास देणारी गाडी तयार करून ठेवलेली असू शकते. स्टार्ट केल्यावर पांढरी वाफ थोडा वेळ आली तर हरकत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने मोठा. ऑइलचे झाकण उघडा, आत दुधाळ फेस दिसला तर पाणी शिरले आहे.

मग मधल्या स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागे दाबायला सांगा म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. हँडल अगदी सावकाश फिरवा. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखे अडत असेल तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या मानेतले बेअरिंग, गेला. आपल्याकडच्या खड्ड्यांत तो सगळ्यात आधी जातो. पुढच्या पाइपांवर ऑइलचा ओला पट्टा दिसला तर ऑइल सील बदलायचे आहेत, हे किरकोळ काम. मागच्या चाकाशी चेन बोटाने मागे ओढा, दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर चेन सेट संपला. टायरवर चार आकडे छापलेले असतात. 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी एवढ्या जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते, ते पावसात धरत नाही, म्हणून टायरचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. शेवटी चौथ्या गिअरवर 40 च्या वेगात असताना एकदम रेस द्या. आवाज वाढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतो आहे.

चासी नंबर हँडलच्या मानेजवळ कोरलेला असतो, आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सवाल्याचे पत्र आणि फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की 30 दिवसांत नावावर करून घ्या, आणि विमा तुमच्या नावे करण्याचा अर्ज 14 दिवसांत द्या.

कोल्हापूर पासिंगची गाडी इथल्यापेक्षा स्वस्त पडते. घेतली तर चालेल का?
– एक वाचक, निपाणी

कायद्याने नोंदणी तिथेच व्हायला हवी जिथे तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता आणि जिथे गाडी ठेवली जाते. दुसऱ्या राज्याची गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो, म्हणजे कोल्हापूर आरटीओची फॉर्म 28 वरची ना-हरकत, चिकोडीत नवी नोंदणी, आणि इथला आजीवन कर. तिथल्या उरलेल्या काळाचा कर परत मिळवायला पुन्हा वेगळा अर्ज. वाचलेले पैसे यात जातात. निपाणीकरांनी केए-23 ची, म्हणजे चिकोडी पासिंगची, गाडी घ्यावी.

मुलगी 17 वर्षांची आहे, कॉलेजला एक स्कूटी द्यावी म्हणतो.
– एक वाचक, येळ्ळूर

नको. सोळाव्या वर्षी फक्त 50 सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो, आणि बाजारातल्या स्कूटर 110-125 सीसीच्या आहेत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालकाला 25 हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला 25 वर्षांचे होईपर्यंत परवाना मिळत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर लर्निंग काढा. ते सहा महिने चालते, पक्क्या परवान्याची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते.

सगळे सांगतात, पावसात पुढचा ब्रेक लावला की पडतो. मग थांबायचे कसे?
– एक वाचक, जांबोटी

पुढचा ब्रेक पाडत नाही, तो झटक्याने दाबला तर पाडतो. ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढच्या चाकावर जाते, म्हणून थांबवण्याची खरी ताकद तिथेच असते, आणि मागचे चाक हलके होऊन घसरायला तयार असते. फक्त मागचा ब्रेक वापरणारा म्हणूनच लांबवर फरफटत जातो. दोन्ही ब्रेक लावा, पुढचा दोन बोटांनी, लिंबू पिळल्यासारखा दाब वाढवत. गाडी सरळ असताना लावा. वळणात शिरण्याआधी वेग उतरलेला हवा, आत गेल्यावर पुढचा ब्रेक ओढायची वेळच येऊ देऊ नका. कोरड्या मैदानात 20 च्या वेगापासून सुरुवात करून सराव करा, हात बसला की ओल्यात.

जांबोटी-खानापूर पट्ट्यात दोन गोष्टी जास्त घातक. पहिल्या पावसाचा पहिला तास, कारण उन्हाळाभर साचलेले ऑइल आणि धूळ वर येते. आणि शेताच्या वाटा जिथे डांबरी रस्त्याला मिळतात तिथे ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली तांबडी माती. तिच्यावरून जाताना क्लच, ब्रेक, रेस कशालाही हात न लावता हँडल सरळ धरून निघा. चोर्ला घाट पहिल्या पावसाळ्यात टाळा. टायरमधली हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, चेन कव्हरवरच्या स्टिकरावर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. चेनला पावसाळ्यात दर 300 किलोमीटरला ऑइल द्या, एरवी 500 ला. ऊस तोडणी सुरू झाली की रात्री दिवे नसलेल्या ट्रॉल्या असतात, तेव्हा वेग एवढाच ठेवा की हेडलाइटचा उजेड पोचतो तेवढ्या अंतरात गाडी थांबेल.