जावा मॉड्यूलमध्ये आणल्यावर रिसोर्स फाइल ‘नल’ का येते?

प्रश्न थोडक्यात असा: जावा ८ वरचं अ‍ॅप्लिकेशन १७ वर आणलं, त्याची कोअर, युटिल आणि यूआय अशी तीन मॉड्यूल केली. क्लासपाथवर (मॉड्यूलचे नियम न लावता चालवायची जुनी पद्धत) सगळं चालतं. मॉड्यूलपाथवर (जिथे ते नियम लागू होतात) टाकलं की कोअरमधलं टेम्प्लेट युटिलमधल्या मेथडने वाचताना नल-पॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे फाइलीऐवजी ‘नल’ (काहीच नाही) हाती आल्याची एरर. जार (अ‍ॅपचं बांधलेलं पॅक) उघडून पाहिली तर फाइल जागच्या जागी.

फाइल आहेच, पण ज्याने मागितली त्याला ती द्यायची परवानगी नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ बरोबर मॉड्यूल सिस्टिम आली, तेव्हापासून पॅकेजमधल्या रिसोर्सलाही (कोडबरोबर येणाऱ्या टेम्प्लेट, चित्रं अशा फाइल्सनाही) कुंपण आहे. नकार येतो तो मात्र एक्सेप्शनने नाही, नुसत्या नलने. त्यामुळे कोड फुटतो दोन ओळी पुढे आणि माणूस पाथ तपासत बसतो.

नियम एवढाच आहे की गेट-रिसोर्सची, म्हणजे फाइल मागणारी ओळ ज्या मॉड्यूलच्या कोडमध्ये लिहिली आहे, ते मॉड्यूल ‘मागणारं’ धरलं जातं. फाइल त्याच मॉड्यूलची असेल तर मिळते. दुसऱ्याची असेल तर ते पॅकेज मागणाऱ्यासाठी ‘ओपन्स’ केलेलं, म्हणजे आतलं सगळं वाचायला खुलं केलेलं लागतं. फक्त क्लास वापरू देणाऱ्या ‘एक्स्पोर्ट्स’चा इथे काही उपयोग नाही.

तुमचं गणित नेमकं इथेच चुकतंय. युटिलमधली मेथड क्लास आणि पाथ घेते आणि त्या क्लासवर गेट-रिसोर्स-अ‍ॅज-स्ट्रीम मारते. क्लास कोअरचा आहे, पण मागणारं युटिल ठरतं, म्हणून नल. बेस क्लासमध्ये गेट-क्लास वापरून रिसोर्स मागणारा जुना कोडही याच कारणाने पडतो: सबक्लास एका मॉड्यूलचा, मागणारी ओळ दुसऱ्याची.

उपाय म्हणून मेथडची सही (सिग्नेचर, म्हणजे ती काय काय घेते) बदला. युटिलने पाथ न घेता इनपुट-स्ट्रीम घ्यावा आणि स्ट्रीम कोअरनेच उघडून द्यावा. कॉल करणाऱ्या जागा खूप असतील तर कोअरच्या मॉड्यूल-इन्फोमध्ये (मॉड्यूलचे नियम लिहायची फाइल) टेम्प्लेटचं पॅकेज फक्त युटिलसाठी ‘ओपन्स … टू’ करा. अख्खं मॉड्यूल ‘ओपन’ करायचा मोह होतो. मायग्रेशनच्या मधल्या टप्प्यात ते चालेल, पण रिलीजमध्ये ठेवू नका, कारण मग रिफ्लेक्शनसाठीही (चालू असताना दुसऱ्या कोडच्या आत डोकावण्यासाठीही) सगळी दारं उघडी राहतात.

एक गोष्ट फार वेळ खाते. जुन्या लायब्रऱ्या बहुतेक वेळा थ्रेडच्या कॉन्टेक्स्ट क्लासलोडरवरून (क्लास आणि फाइल्स शोधून आणणारा भाग) फाइल मागतात. क्लासलोडर मागणारा कोण हे बघतच नाही, त्यामुळे तिथे ‘टू’वालं ओपन्स पुरत नाही, पॅकेज बिनशर्त ओपन करावं लागतं. आणि क्लासलोडरला पाथ देताना सुरुवातीचा स्लॅश काढा. तो फक्त क्लासवरच्या मेथडला चालतो.

आता पॅकेज कशाला म्हणायचं? ज्या फोल्डरचं नाव जावाच्या नियमात बसतं तो फोल्डर पॅकेज ठरतो, आत एकही क्लास नसला तरी. जारच्या मुळातल्या फाइल्स, मेटा-इन्फ किंवा हायफन असलेला फोल्डर यांना कुंपण नसतं. फोल्डर पॅकेज ठरतो आणि एकच पॅकेज दोन मॉड्यूलमध्ये चालत नाही, म्हणूनच कोअर आणि यूआय दोन्हींत ‘इमेजेस’ नावाचा फोल्डर असेल तर अ‍ॅप सुरूच होत नाही: लेयर-इन्स्टन्शिएशन-एक्सेप्शन, ‘पॅकेज इमेजेस इन बोथ मॉड्यूल…’. चित्रं प्रत्येक मॉड्यूलच्या स्वतःच्या पॅकेजखाली हलवा. जार कमांडला डिस्क्राइब-मॉड्यूल हा पर्याय देऊन पाहा. ‘कंटेन्स’पुढे दिसतात ती झाकलेली, म्हणजे कुंपणाआडची पॅकेजेस.

यूआय मराठीत आहे म्हणून प्रॉपर्टीज फाइलबद्दल (स्क्रीनवरचा मजकूर ठेवायची फाइल). जावा ९ पासून रिसोर्स-बंडल (भाषेनुसार मजकूर निवडणारा जावाचा क्लास) या फाइल्स यूटीएफ-८ मानून वाचतं, त्यामुळे ‘जतन करा’ सरळ देवनागरीत लिहा. देवनागरीचं सांकेतिक रूप करून देणारं नेटिव्ह-टू-अ‍ॅस्की टूल आता जेडीकेत नाहीच. पण प्रॉपर्टीजच्या लोडला थेट स्ट्रीम दिलात तर ते आजही लॅटिन-१ धरतं आणि स्क्रीनवर कचरा येतो. तिथे यूटीएफ-८ सांगून उघडलेला रीडर द्या. यूटीएफ-८ साठी पूर्वी कोणी रिसोर्स-बंडलचा स्वतःचा कंट्रोल लिहिला असेल तर तो काढून टाका. नाव असलेल्या मॉड्यूलमध्ये तो अनसपोर्टेड-ऑपरेशन-एक्सेप्शन देतो.

यूआरएलवरून फाइल ऑब्जेक्ट बनवणाऱ्या ओळीही शोधा. आयडीईत (कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये) रिसोर्स साध्या फोल्डरमध्ये असतात म्हणून त्या चालतात. जारमध्ये आणि जेलिंकने (अ‍ॅप आणि जावा एकत्र बांधणारं टूल) बनवलेल्या इमेजमध्ये पडतात, कारण तिथे यूआरएल ‘जार:’ किंवा ‘जेआरटी:’ने सुरू होतो. एखादी लायब्ररी फाइलच मागत असेल तर स्ट्रीम टेम्प फाइलमध्ये कॉपी करून ती द्या. मेटा-इन्फमधल्या सर्व्हिसेसच्या फाइल्सही मॉड्यूल-इन्फो असलेल्या जारमध्ये वाचल्या जात नाहीत. त्या नोंदी ‘प्रोव्हाइड्स … विथ’मध्ये आणा.

तपासणी मेव्हन या बिल्ड टूलच्या युनिट टेस्टवर सोडू नका. टेस्ट चालवणारं त्याचं प्लगइन शुअरफायर टेस्टचे क्लास मुख्य मॉड्यूलमध्येच पॅच करतं (जोडून टाकतं), त्यामुळे मागणारा घरचाच ठरतो आणि टेस्ट हिरवी दिसते. तयार जार एका फोल्डरमध्ये ठेवून मॉड्यूलपाथवरून अ‍ॅप चालवा आणि टेम्प्लेट लागणारा प्रत्येक स्क्रीन उघडून पाहा.