शिकागोत काय खावं?

प्रश्न : जुलैत मुलीकडे शिकागोला जातोय. आम्ही दोघं शाकाहारी. तिथलं खास काय खावं? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : काका, डीप डिश पिझ्झा खाच. १९४३ मध्ये सुरू झालेल्या पिझ्झेरिया उनोला त्याचं श्रेय देतात. कडा उंच, चीज खाली, टोमॅटो सॉस वर. भाजायला पाऊण तासही लागतो, म्हणून भूक लागायच्या आधीच सांगा. पण माझा जीव जडलाय जार्डिनिएरावर! मिरची, फुलकोबी, गाजर, सेलरी यांचं तेलातलं लोणचं. तिथे ते गोमांसाच्या सँडविचवर घालतात, तुम्ही पिझ्झ्यावर मागा. भावाकडे गेले की मी भाकरीसोबतही तेच खाते. तर्री-पोहे खाणाऱ्यांनी ‘हॉट’ लिहिलेलीच बाटली घ्यावी.