संपत आलेल्या रोगावर शिकून पोरीला नोकरी कोण देणार?

चोपडा तालुक्यातल्या एका भाऊंचं पत्र आलंय. मोठं आहे, कामाचा तेवढा भाग देते, नाव-गाव काढून.

"ताई, आमची केळी आहे, चार एकर. लेक बारावी सायन्सला, बी ग्रुप. डॉक्टर होईल असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. मागच्या पावसाळ्यात तिच्या धाकट्या भावाला मलेरिया झाला, आशाताईंनी बोट टोचून रक्त नेलं, गोळ्या दिल्या, पोरगा बरा झाला पण हिच्या डोक्यात भलतंच बसलं. म्हणते नीटची परीक्षा देते पण नंबर नाही लागला तर ड्रॉप घेणार नाही, झूलॉजी घेऊन बीएस्सी करते आणि पुढे मलेरियावर रिसर्च. बागेत कामाला पावरा आदिवासी बाया येतात त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून कोणाला ताप, कोणाला काय ते विचारत बसते. माझी आई म्हणते मच्छर पकडायला एवढं शिकायचं का? माझा प्रश्न वेगळा. पेपरात वाचलं २०३० पर्यंत भारतातून मलेरिया संपवणार. ही शिकून निघेल तेव्हा २०३५ उजाडेल. संपलेल्या रोगावर हिला नोकरी कोण देणार? आणि तोवर खर्च किती? खरं खरं सांगा."

भाऊ, रामराम.

तुमचा २०३० चा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक पालक "स्कोप आहे का हो मॅडम" एवढंच विचारतात, तुम्ही साल धरून हिशोब मांडलात. म्हणून आधी त्याचंच उत्तर.

मलेरिया संपत आला असं आपल्या देशाला एकदा आधीही वाटलं होतं. १९५३ ला सरकारने कंट्रोलचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो असा अंदाज होता. घरोघर डीडीटी मारली आणि १९६५ पर्यंत आकडा लाखभर केसेसवर आला. मग मच्छर डीडीटीला दाद देईनात, फवारणीचा माल वेळेवर पोचेना, आणि रोग गेलाच आता म्हणून सगळ्यांचं लक्ष उडालं ते वेगळंच. १९७६ ला केसेस किती? ६४ लाख. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे समजवायला नको, एकच औषध सारखं मारत राहिलं की कीड त्याला सरावते, आणि एक हंगाम बाग वाऱ्यावर सोडली की पुढच्या हंगामात दुप्पट भोगावं लागतं.

आत्ताचे आकडे चांगले आहेत, खोटं का बोलू. २०१५ ला देशात पावणेबारा लाखाच्या आसपास केसेस नोंदल्या होत्या, २०२३ ला सव्वादोन लाखाच्या जवळपास. पण रोग संपला असं सर्टिफिकेट जागतिक आरोग्य संघटना तेव्हाच देते जेव्हा सलग तीन वर्षं देशात इथल्या इथे लागण झालेली एकही केस नसते. आणि शेवटच्या केसेस शोधणं हे पहिल्या लाखभर शोधण्यापेक्षा किचकट, कारण त्या कुठल्यातरी डोंगरातल्या पाड्यावर असतात किंवा ज्याला ताप पण येत नाही अशा माणसाच्या रक्तात असतात. श्रीलंकेला २०१६ ला सर्टिफिकेट मिळालं, तरी तिथे बाहेरून येणाऱ्यांच्या तपासण्या अजून चालू आहेत. म्हणजे रोग कमी झाला तरी माणसं लागतातच, काम बदलतं. आणि आपल्याकडे संपला तरी आफ्रिकेत आहेच, २०२३ ला जगभरात सव्वीस कोटींवर केसेस आणि जवळजवळ सहा लाख मृत्यू, त्यातले बहुतेक आफ्रिकेत आणि तेही पाच वर्षांखालची लेकरं. त्यात गंमत बघा (गंमत कसली), आपल्या शहरांत टाकीत-कूलरमध्ये वाढणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी नावाचा मच्छर २०१२ ला आफ्रिकेत जिबूतीत सापडला आणि तिथून पसरत चाललाय. तिकडच्या लोकांना हा पाहुणा नवा आहे, आपल्याकडे त्याचा अभ्यास कित्येक वर्षं चालू आहे.

तरी पोरीला एक सांगा, "मी मलेरियाचीच सायंटिस्ट होणार" असं आत्ता गोंदवून घेऊ नको. ती शिकेल काय, तर मच्छर, परजीवी, रक्त आणि आकडे. यातलं बरंचसं डेंग्यू, हत्तीरोग, काळा आजार यांनाही लागतं. हे शिकलेल्याला रोग बदलता येतो, पीक बदलल्यासारखं.

आता आजींचा प्रश्न. तर आजी, हो, मच्छर पकडायलाच. रोनाल्ड रॉस म्हणून एक इंग्रज डॉक्टर होता, जन्म आपल्याच अल्मोड्याचा. सिकंदराबादला त्याने हुसेन खान नावाच्या पेशंटला मच्छर चावून घ्यायचे पैसे दिले, एका मच्छरामागे एक आणा. आणि २० ऑगस्ट १८९७ ला तसल्याच एका मच्छराच्या पोटात त्याला मलेरियाचा जंतू दिसला, तोवर लोक म्हणत घाणेरड्या हवेने ताप येतो. १९०२ ला नोबेल मिळालं त्याला.

आजही काम बरंच तसंच आहे. पहाटे गोठ्यात टॉर्च घेऊन जायचं, भिंतीवर बसलेला मच्छर काचेच्या नळीत ओढून घ्यायचा, पेल्यात जाळी लावून जिवंत आणायचा. मग मायक्रोस्कोपखाली सुईने मुंडकं हळूच ओढलं की त्याच्यामागे लाळेच्या ग्रंथी निघतात, त्यात जंतू आहे का बघायचं. कधी औषध लावलेल्या कागदाच्या नळीत मच्छर तासभर ठेवायचे आणि चोवीस तासांनी किती मेले ते मोजायचं, मेले नाहीत तर त्या गावात ते औषध मारून उपयोग नाही. हे आठवड्यातून पाच दिवस, आणि शंभर मच्छर चिरले तरी एकातही काही न सापडणं हे नेहमीचं. मी झूलॉजीत एमएस्सी केलंय, पुढे पीएचडीला लागले होते, माझी मान आणि माझा पेशन्स दोन्ही त्या मायक्रोस्कोपवर गेले. म्हणून सांगते, मार्क सोडा, आधी पोरगी या कामाला कंटाळते का ते बघा. त्याचा उपाय शेवटी देते.

मध्येच एक विचारते. मुलाला चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या का, आणि दिल्या असतील तर पूर्ण केल्या का? माझ्या काकांनी पाचव्या दिवशी सोडल्या, ताप उतरला ना, मग कशाला तोंड कडू करायचं. काही महिन्यांनी भर उन्हाळ्यात गोधडी घेऊन कुडकुडत बसले, परत हिव भरलं. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया असला तर त्याचे जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात आणि मनात येईल तेव्हा उठतात, त्यांना मारायला त्या चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या असतात. पण काही लोकांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना त्याच गोळीने लाल पेशी फुटून त्रास होतो. आणि झोपलेला जंतू अंगात आहे की नाही हे सांगणारी टेस्ट अजून निघालेलीच नाही. तुमच्या घरातल्या एका आजारपणात केवढे प्रश्न आहेत बघा, पोरीच्या डोक्यात जे बसलं ते उगाच नाही बसलं.

आणि तुम्ही पावरा बायांचं सहज लिहून गेलात, मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. सातपुड्यात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, किती आहे तुम्हाला माहितीच आहे, नंदुरबारकडे तर घरटी ऐकू येतं. हा सिकलसेल टिकला का, तर ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच तो दोष मिळतो त्याला फाल्सिपॅरम जातीचा जीवघेणा मलेरिया सहसा होत नाही. रक्ताच्या असल्या दोषाने मलेरियापासून बचाव होत असावा अशी अटकळ हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९४९ ला बांधली आणि सिकलसेलच्या बाबतीत ते ॲलिसनने आफ्रिकेत १९५४ ला दाखवून दिलं. म्हणजे हे दोन आजार एकमेकांना बांधलेले आणि तुमचं घर त्या डोंगराच्या पायथ्याशी. दिल्लीहून आलेल्या रिसर्चरला पाड्यावर रक्ताचा नमुना मागायचा तर आधी दुभाषा शोधावा लागतो, माणसाला समजेल असं सांगून त्याची परवानगी घ्यावी लागते, हिला दुभाषा लागणार नाही. कुठल्याच कॉलेजात हे शिकवत नाहीत.

आता रस्ता. नीटची परीक्षा एकदा मनापासून देऊ द्या, कारण एमबीबीएस करून रिसर्चला येणारे कमी असतात आणि त्यांना मान आणि पैसा दोन्ही जास्त. पुढे कम्युनिटी मेडिसिन, मायक्रोबायोलॉजी किंवा ट्रॉपिकल मेडिसिन घेता येतं, त्यासाठी कोलकात्याचं स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन जुनं आणि नावाजलेलं. पण ड्रॉपच्या बाबतीत मी पोरीच्या बाजूने आहे. पेशंट बरा करायची ओढ असेल तर एक ड्रॉप समजू शकते, हिला "असं का होतं" याची ओढ दिसतेय, तिला वर्ष घालवायची गरज नाही.

बीएस्सी जळगाव-चोपड्याकडे कुठेही करा, झूलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी, पण केमिस्ट्री सोडू नका आणि स्टॅटिस्टिक्सला घाबरू नका, आपल्याकडची हुशार पोरं नेमकी तिथेच मार खातात. आयसर म्हणजे विज्ञान शिक्षण आणि रिसर्चची केंद्राची संस्था, तिची परीक्षा वेगळी असते, तिचा फॉर्म नक्की भरा, पुण्याला आयसर आहे. एमएस्सीला पाँडिचेरीचं व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटर बघा, आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं आहे, तिथे पब्लिक हेल्थ एंटोमॉलॉजीचं एमएस्सी आहे, म्हणजे सरळ मच्छरांचंच शिक्षण. मग नेट-जेआरएफ, म्हणजे पीएचडीला सरकारी फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा, काढून पीएचडी. दिल्लीला द्वारकेत मलेरियाचीच राष्ट्रीय संस्था आहे, जबलपूरला आदिवासी आरोग्याची आहे, आणि हिच्या बाबतीत जबलपूरवर माझा जास्त डोळा आहे. रिसर्च सोडून इंडस्ट्री हवी वाटली तर आर-ट्वेंटीवन ही मलेरियाची लस पुण्यात सीरमच बनवते.

खर्चाचं. बीएस्सी आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजात केली तर फी तुमच्या ठिबकच्या बिलापुढे काहीच नाही, एमएस्सीला बाहेर ठेवायचा खर्च येईल तेवढा धरा. जेआरएफ निघाली की महिन्याला ३७,००० आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. जात-प्रवर्गाप्रमाणे सारथी, महाज्योती, बार्टी यांच्या पीएचडी फेलोशिप असतात, जाहिराती बघत राहायच्या. पण खरं खरं सांगा म्हणालात म्हणून हेही ऐका, फेलोशिप वेळेवर पडेलच असं नाही. माझी आठ महिने अडकली होती, मेसचं बिल भावाने भरलं, पीएचडी सोडण्याचं ते पण एक कारण. पीएचडी होईपर्यंत पोरगी अठ्ठावीस-एकोणतीसची होईल, त्यानंतरही काही वर्षं प्रोजेक्टवर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर. परमनंट सायंटिस्टची जागा निघाली तर सुरुवातीचं बेसिकच ५६,१०० पासून, पण जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. तोवर घरून "सेटल कधी होणार" हे दर दिवाळीला विचारायचं नाही एवढं ठरवून घ्या, आजींना धरून.

आता तो उपाय. पावसाळा चालू आहे, नळाला दिवसाआड पाणी म्हणून घरात ड्रम भरलेले असणारच. पोरीला सांगा, पांढऱ्या वाटीने ड्रमातलं, गोठ्यातल्या हौदातलं, बागेच्या कडेच्या डबक्यातलं पाणी घे आणि अळ्या बघ. पाण्याच्या वरच्या थराला समांतर, आडवी पडलेली अळी ॲनॉफिलिसची, डोकं खाली करून तिरकी लटकणारी दुसऱ्या मच्छरांची. दोन्ही वेगवेगळ्या काचेच्या बरणीत, तोंडाला मलमलचं कापड घट्ट बांधून. रोज संध्याकाळी वहीत तारीख, कुठलं पाणी, किती अळ्या, किती मेल्या, किती स्वल्पविरामासारख्या वाकड्या कोषात गेल्या. आपल्याकडच्या उकाड्यात आठ-दहा दिवसांत सगळं उरकतं, म्हणून तर आठवड्याला कोरडा दिवस पाळायला सांगतात. कोष दिसले की दोन दिवसांत मच्छर निघतो, तेव्हा त्याच्या आत बरणी कोरड्या मातीवर ओतायची, गटारीत नाही, तिथे जगतात ते. आणि हे तीन वेळा करायचं, एकदा नाही, कारण पहिल्यांदा सगळ्यांनाच मजा येते.

तिसऱ्या वेळेची पानं पहिल्या वेळेइतकीच भरलेली असली तर वही घेऊन शनिवारी दुपारी दोघं जळगावला या.