रुंद टायर घालू का?

प्रश्न : माझ्या आय-ट्वेंटी एन लाइनचे टायर झिजलेत. दुकानदार १९५/५५ आर १६ (म्हणजे १९५ मिमी रुंदीचे) ऐवजी २०५ रुंदीचे घाला म्हणतो. घालू का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नका घालू, दादा. गाडी झकास दिसेल, पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. आपल्याकडे खरा वैरी उन्हाळा. मे महिन्यात टेंभुर्णीजवळ माझा मागचा टायर फुटला. हवा कमी होती, रबराला बोट लावलं तर चटका बसला. तेव्हापासून हवा सकाळी, टायर थंड असतानाच बघतो.

घेताना बाजूचा चार आकडी शिक्का वाचाच : २३२५ म्हणजे टायर २०२५च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. टायर जास्तीत जास्त किती वेग सोसतो ते सांगणारं अक्षर जुन्यावर एच (ताशी २१० किमी) असेल, तर स्वस्तातला टी (१९०) घेऊ नका.